टाकी धुतलीत ना?

त्यांनी मला जेटीवर, चार माणसांसमोर, खोटा म्हटलं असतं तर आज माझा त्यांच्यावर काही राग नसता. मी उलटून दोन शिव्या घातल्या असत्या, त्यांनी एखादी ऐकवली असती, माणसं मधे पडली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. आमच्याकडे भांडणं अशीच मिटतात. पण ते म्हणाले, "होय. चूक माझी आहे." आणि आपली कापडी पिशवी उचलून चालू लागले. ह्याला बरीच वर्षं झाली. राग अजून गेलेला नाही.

मुंबईतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून ते मालवणला परत आले होते. गावाने त्यांना आल्या आल्या प्रोफेसर करून टाकलं. ते दर वेळी थांबून दुरुस्ती करत, "प्रोफेसर नव्हे. मी तिथे बाटल्या धुवायचो." हे सांगताना त्यांना ना लाज वाटे, ना त्यात काही मोठेपणा. शेवटी लोकांनी मधला मार्ग काढून त्यांना 'लॅबवाले' म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं मुंबईत काढल्यामुळे म्हणा की स्वभावामुळे, ते सगळ्यांशी शुद्ध मराठीत बोलत. मासे विकणाऱ्या बाईलाही 'आपण' म्हणत. मी मालवणीत विचारायचो, ते पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायचे.

त्यांची एक सवय सगळ्या बाजाराला माहीत होती. कुठलंही काचेचं भांडं हातात आलं की ते उजेडाकडे धरायचं, एकदा फिरवायचं आणि मगच वापरायचं. हॉटेलात चहा सांगताना ते आधी रिकामा ग्लास मागत. हॉटेलवाला वैतागायचा.

"काय ओ लॅबवाले, माझ्या ग्लासात मासो दिसलो काय?"

"मासा नाही. कालचा चहा दिसतो आहे. धुवा."

हॉटेलवाला शिव्या पुटपुटत ग्लास विसळून आणायचा. ते परत उजेडात धरायचे. माणसं हसायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

माझी आई मालवणच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. तिच्या शेजारी फळीवर बसून मी मोठा झालो. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव कधी घ्यायचा नाही आणि आपला पहिला भाव कधी खरा सांगायचा नाही, हे मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकलो. त्या टोपलीपासून दोन बोटी आणि एक काजूची शेड इथपर्यंत मी आलो तो बोलण्याच्या जोरावर. हे अशासाठी सांगतो, की लॅबवाले माझ्याकडे ती शेड भाड्याने मागायला आले तेव्हा काय झालं ते कळावं. शेड बंद पडलेली होती. मी दुप्पट भाडं सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

मी वाट बघत बसलो. ते पुढे काही बोलतील, उठून जायला निघतील, मी हाक मारीन. काही नाही. 'बरं' म्हणून ते किल्लीसाठी हात पुढे करून बसले. दिवसभर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी मीच शेडवर गेलो आणि भाडं कमी केलं. त्यालाही ते म्हणाले, "बरं."

अशा माणसाशी व्यवहार कसा करायचा?

शेड त्यांना हवी होती उंडीच्या तेलासाठी. उंडी आमच्या किनाऱ्याला नवीन नाही. देवळाच्या राईत, खाडीच्या काठाला ही झाडं आहेत. गोल फळं पडतात, ती वाळवून फोडली की आतल्या गराचं हिरवं, दाट, उग्र वासाचं तेल निघतं. ते कोणी खात नाही. पूर्वी दिव्यात जाळत, म्हातारी माणसं गुडघ्यांना चोळत, आणि लाकडी बोटीचा तळ ह्याच तेलाने माखत. लॅबवाल्यांचं म्हणणं असं, की बोटीच्या बाहेरून जे तेल पिढ्यान्‌पिढ्या लावलं, ते आता आतून, इंजिनात घालायचं.

ते दिवस डिझेल सारखं वाढण्याचे होते. डिझेलऐवजी तेल म्हणून सरकारी माणसं मोगली एरंडाची रोपं वाटत फिरत होती आणि लोक ती घेऊन कुंपणाला लावत होते. लॅबवाले म्हणत, "जे झाड इथे उभं आहे त्याला कोणी विचारत नाही, आणि रोपाची वाट बघत बसले आहेत." हे मात्र मला पटलं. मी हिशेबी माणूस. झाडं तयार, फळं जमिनीवर पडून कुजतात, आणि जेटीवरच्या प्रत्येक बोटीला रोज डिझेल लागतं. मी म्हटलं, फळं मी गोळा करतो, तेल तुम्ही करा, बोटवाले माझ्यावर सोडा.

पहिल्या खेपेला पिंपभर साबण झाला. खरंच साबण. तपकिरी, चिकट, डावाने काढावा लागला. माझी फळं, माझी शेड, मी तिथे काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "उंडीत आंबटपणा जास्त आहे. तो आधी काढायला हवा, नाहीतर कॉस्टिक सोडा घातला की साबणच होणार. मला वाटलं होतं तेवढ्यात निभेल. निभलं नाही." आणि पुढचे आठ दिवस त्याच साबणाने शेडमधली एकूण एक बाटली धुतली. माझ्या बायकोने थोडा घरी आणून माशांचे क्रेट धुतले. वर्षानुवर्षांचा चिकट काळेपणा निघून गेला. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

ह्या कामाला मिथेनॉल नावाचं स्पिरिट लागतं. त्याच्या परवान्यासाठी आम्ही ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, दोन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला टेबलामागच्या साहेबांनी गमतीने विचारलं, "हे कोणी प्यायलं तर?" मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार होतो, तेवढ्यात लॅबवाले म्हणाले, "आधी आंधळा होईल, मग मरेल. म्हणून कुलूप आणलं आहे." आणि पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. मी कपाळाला हात लावला. पण साहेबांनी कुलूप हातात घेऊन बघितलं आणि पुढे फार काही विचारलं नाही.

देवळाच्या राईतली फळं उचलायला देवाचा कौल घ्यावा लागतो. आम्ही गेलो. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, आम्ही 'होय म्हाराजा' म्हटलं. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या. थोड्या वेळाने उजवीकडची पडली. म्हणजे देवाने हो म्हटलं. मी नमस्कार करून उठलो. लॅबवाले उठेनात.

"परत एकदा लावता का?" त्यांनी गुरवाला विचारलं.

"परत कित्याक? देवान उजवो दिल्यान ना?"

"एका रीडिंगवर भरवसा ठेवू नये. तीन घ्यावीत."

गुरव माझ्याकडे बघायला लागला. मी डोळ्यांनीच माफी मागितली. दुसऱ्यांदाही उजवीच पडली. तिसऱ्यांदा अर्धा तास बसलो, कुठलीच पाकळी पडेना. गुरव उठला. "देव कंटाळलो तुमका. जावा आता, उचला फळां."

"तीनात दोन," लॅबवाले पायऱ्या उतरताना म्हणाले. "चालेल."

देवाचा शब्द तीनदा तपासणारा माणूस. हे लक्षात ठेवा.

तेल जमायला दोन वर्षं गेली. आंबटपणा काढायचा, मग स्पिरिट आणि कॉस्टिक, मग पिंप दिवसभर हलवायचं नाही, खाली ग्लिसरीन बसतं ते सोडून द्यायचं, आणि वरचं पाण्याने तीनदा धुवायचं. धुण्यावर त्यांचा जीव. मी म्हणायचो, दोनदा पुरे. ते म्हणायचे, तीनदा. एवढ्या एका बाबतीत त्यांनी माझं कधी ऐकलं नाही. प्रत्येक खेपेची एक बाटली उजेडात धरून मागे वर्तमानपत्र लावायचे. अक्षरं वाचता आली तर ठीक, नाहीतर परत धुवा.

ह्या दोन वर्षांत ते आमच्या घरी जेवायला-चहाला येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी आमचाही ग्लास खिडकीकडे धरला होता आणि बायको आत येऊन माझ्यावर फणफणली होती. मग एक दिवस तीच मला हळूच म्हणाली, "तुमी बघितलास? लॅबवाले आता ग्लास बघनत नाय. दिलो की पितत." मी लक्ष ठेवलं. खरंच होतं. सगळ्या मालवणात आमच्या एका घरात ते न बघता पीत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

थोडं थोडं तेल डिझेलमध्ये मिसळून आम्ही माझी लहान बोट महिनाभर चालवली होती. काही त्रास झाला नाही. पण जेटीवरच्या बोटवाल्यांना मिसळलेलं नको होतं. "अर्धा डिझेलच जळता, मगे तुझा तेल कित्याक?" असं तोंडावर म्हणायचे. त्यांना दाखवायचं तर मोठी बोट, भर दिवसा, निव्वळ उंडीवर जायला आणि यायला हवी. मी सगळ्यांना दिवस सांगून टाकला. ती फेरी नीट झाली तर पुढच्या हंगामात अख्खी जेटी आमचं तेल घेणार होती. नाही झाली तर दोन वर्षं पाण्यात.

लॅबवाल्यांनी एकच अट घातली. "निव्वळ तेल घालायचं तर टाकी आधी धुवायची. आतून, तळापर्यंत. आपल्या टाकीत वर्षानुवर्षांचा डिझेलचा गाळ आहे. हे तेल तो सोडवणार. साबणाने क्रेट कसे निघाले, आठवतं? तो गाळ सुटला की फिल्टरमध्ये जाऊन बसेल आणि इंजिन बंद. टाकी धुतलीत तर पूर्ण. नाहीतर पाचात एक भाग तेल, बाकी डिझेल."

"पाचात दोन?" मी सवयीने म्हटलं.

ते उठून पिंप धुवायला गेले.

टाकी धुवायची म्हणजे बोट दोन दिवस बांधून ठेवायची. आणि त्याच आठवड्यात कोळंबी लागली होती. जेटीवरची प्रत्येक बोट भरून येत होती. दोन दिवस मी बोट बांधू? महिनाभर मिसळलेल्या तेलाने काही झालं नव्हतं, आता काय होणार होतं? मी बोट बाहेर पाठवली. टाकी धुतली नाही. हे मला माहीत होतं आणि बोट चालवणाऱ्या माझ्या बाबी तांडेलाला माहीत होतं.

त्या सकाळी जेटीवर गर्दी होती. नारळ फोडला. लॅबवाले कापडी पिशवी छातीशी धरून बोटीत चढले. जन्मात कधी बोटीने खोल समुद्रात गेले नव्हते. फळीवर पाय ठेवताना त्यांनी मला विचारलं, "टाकी धुतलीत ना?"

"धुतलंय ओ. किती वेळा सांगू?"

खरं तर तोपर्यंत मी एकदाही सांगितलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले.

जाताना सगळं झकास. धूर जवळजवळ नाही, आणि तळणीचा वास. एक खलाशी ओरडला, "शेटानू, वास इलो, वडे खंय आसत?" सगळे हसले. लॅबवाल्यांना बोट लागली होती, चेहरा पांढरा पडला होता, तरी तेही हसले. मी मनात पुढच्या हंगामाचे भाव ठरवत होतो.

परत येताना, किल्ल्याच्या मागच्या बाजूला, इंजिनाचा आवाज बदलला. आधी थोडा दमल्यासारखा, मग खोकल्यासारखा, मग बंद. वारा समुद्राकडून होता आणि बोट खडकांच्या बाजूला सरकायला लागली.

लॅबवाले आधीच इंजिनाचं झाकण उघडून खाली वाकले होते. फिल्टरखाली एक काचेची वाटी असते. ती त्यांनी फिरवून काढली आणि सवयीने उजेडाकडे धरली. आत काळं, दाट, डांबरासारखं. वाटीतून उजेड येत नव्हता. त्यांनी वाटीच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग पिशवीतून नवीन फिल्टर काढला. फिल्टर ते घरून घेऊन आले होते.

बाबीने लाइनमधली हवा काढली, इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं चाललं असेल. परत बंद. त्यांनी दुसरा फिल्टर काढला. ह्या वेळी पाच मिनिटं. तिसरा नव्हता. त्यांनी पहिलाच फिल्टर टमरेलात तेल घेऊन धुवायला घेतला. हात कोपरापर्यंत काळे, मधे मधे बाजूला वाकून ओकत होते आणि परत धुवत होते. मी मोबाईलवर जेटीला ओरडत होतो. फोन लागत होता, तुटत होता. खडक इतका जवळ आला की त्याच्यावरची कालवं दिसायला लागली. पाच माणसं बोटीवर. मी नुसता उभा. हातात फोन.

"नांगर टाक रे मेल्या! बघतंस काय!"

कोण ओरडलं ते मला क्षणभर कळलंच नाही. लॅबवाले होते. मालवणीत. मला.

मी आणि खलाशाने नांगर टाकला. तळाला खडकच, नांगर घसरत गेला. दोरीला हात लावून मी उभा होतो, दोरी थरथरत होती. मग कुठेतरी अडकला. बोट झटका खाऊन वळली आणि थांबली. पुढच्या बाजूने खडक इतका जवळ होता की खलाशी बांबू टेकवून उभा राहिला. अर्ध्या तासाने दुसरी बोट आली आणि आम्हांला ओढून नेलं.

जेटीवर सकाळची सगळी माणसं होती. उलट वाढलीच होती. कोणीतरी विचारलं, "काय झाला शेट?"

मी घाबरलो की माझा आवाज चढतो. "काय होतला? ह्येंच्या तेलान माझा इंजिन खाल्ल्यान! पाच माणसां आज खडकार फुटली असती!"

खरं सांगतो. हा माझा पहिला भाव होता. मला वाटलं, ते आता म्हणतील, टाकी धुतली नव्हती. मी म्हणेन, धुतली होती. ते म्हणतील, वाटी बघा. मी म्हणेन, थोडी राहिली असेल. असं खाली येत येत आम्ही मधे कुठेतरी थांबू, आणि लोकांना कळेल की तेलात खोट नाही. मी बोलून तयारच उभा होतो.

ते माझ्याकडे बघत होते. हातावरचा काळा गाळ सगळ्यांना दिसत होता, फक्त तो कसला हे कोणाला कळत नव्हतं.

"होय," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

तिथेच तेल संपलं. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या जेटीवर उंडीचं नाव काढलं की माणसं ती बोट आणि तो खडक सांगतात.

बाबी तांडेल दुसऱ्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, "शेट, टाकी आता तरी धुवया?" मी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढला आणि आठ दिवसांनी त्याच्या घरी जाऊन परत आणला. टाकी धुतली. चार बादल्या गाळ निघाला.

लॅबवाले भांडायला येतील म्हणून मी वाट बघितली. ते आले नाहीत. आले ते माझे तेलाचे बारा कॅन. कोणातरी टेम्पोवाल्याबरोबर पाठवलेले, आतून-बाहेरून धुतलेले, टेम्पोत उपडे लावून ठेवलेले. बरोबर शेडची किल्ली. ते स्वतः जामसंड्याला बहिणीकडे राहायला गेले. तिथल्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या जाऊन धुवून देतात, असं मागाहून ऐकलं.

माझी आई गेली तेव्हा ते भेटायला आले. एसटीने, दुपारचे. वाळले होते. आईबद्दल दोन शब्द बोलले. बाकी माणसं उठून गेली तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं मनात धरून बसलो होतो ते विचारलं.

"टाकी धुतली नव्हती. तुमका म्हायत होता ना?"

"वाटी उजेडात धरली तेव्हा कळलं."

"मगे जेटीवर बोललास कित्याक नाय? माका खोटो पाडूचो होतो!"

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी काही भलतंच विचारतोय. "आमच्या लॅबमध्ये एक नियम होता. बाटलीत घाण निघाली तर ती कोणी दिली ते विचारत नाहीत. वापरण्याआधी उजेडात कोणी बघितली नाही, ते विचारतात. झाकण उघडून टाकी बघायला मला पाच मिनिटं लागली असती. मी नुसतं आपल्याला विचारलं." मग म्हणाले, "ती माझीच चूक होती, शेट. जेटीवर मी खरं तेच सांगितलं."

म्हणजे त्यांनी माझ्यासाठी काही पोटात घातलं नव्हतं. उपकार केले नव्हते. केले असते तर मी ते कधीतरी फेडले असते. त्यांच्या लेखी चूक एवढीच होती, की त्यांनी माझा शब्द न तपासता घेतला. आता ह्यावर माणसाने भांडायचं तरी कोणाशी?

बायको बाहेर आली. तिने काचेच्या ग्लासातून कोकमाचं सरबत आणलं होतं. ग्लास तिने स्वतः दोनदा धुतला होता, मी आतून आवाज ऐकला होता. त्यांनी तो घेतला, तिला कशा आहात विचारलं, बसल्या जागी थोडे वळले आणि ग्लास खिडकीकडे धरला. एकदा फिरवला.

मग प्यायले.